प्रोटीन स्किमर (निमखारे आणि गोडे पाणी)

प्रोटीन स्किमर हे मत्स्यालयाच्या पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये फेसाच्या रूपाने बाहेर काढणारे उपकरण आहे. पाण्यातून बारीक बुडबुड्यांचा दाट स्तंभ वर चढवला असता प्रथिने, मेदाम्ले व तत्सम द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात. हे बुडबुडे वर येऊन त्यांचा फेस होतो आणि तो फेस एका पेल्यात साठवून टाकून दिला जातो. रासायनिक अभियांत्रिकीत याच क्रियेला फेस-विभाजन म्हणतात. समुद्री मत्स्यालयांत, विशेषतः प्रवाळांच्या टाक्यांत, हे उपकरण जवळजवळ अपरिहार्य मानले जाते. निमखाऱ्या, म्हणजेच मचूळ, पाण्याच्या टाक्यांत त्याची उपयुक्तता क्षारतेनुसार कमीजास्त होते; गोड्या पाण्याच्या घरगुती टाक्यांत ते सहसा आढळत नाही.

गोड्या पाण्यात स्किमर चालतच नाही, असा समज मत्स्यपालनाच्या छंदिष्टांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. गोड्या पाण्यालाही टिकाऊ फेस येऊ शकतो आणि मोठी कोई-तळी व पुनर्चक्रण पद्धतीचे मत्स्यसंवर्धन यांत त्याचा उपयोगही करून घेतला जातो. मात्र असा फेस येण्यासाठी पाण्यात सेंद्रिय द्रव्यांचे जेवढे प्रमाण लागते, तेवढे सुस्थितीतील घरगुती टाकीत नसते आणि नसावेही.

कार्यतत्त्व

माशांची विष्ठा, अंगावरील बुळबुळीत स्राव, न खाल्लेले अन्न, कुजणारी पाने आणि शेवाळाचे स्राव यांतून पाण्यात अनेक प्रकारचे सेंद्रिय रेणू उतरतात. त्यांतील बऱ्याच रेणूंचा एक भाग जलस्नेही आणि दुसरा जलद्वेषी असतो. असा रेणू पाण्यात मुक्तपणे राहण्यापेक्षा हवा व पाणी यांच्या सीमेवर बसणे पसंत करतो: जलस्नेही भाग पाण्यात आणि जलद्वेषी भाग हवेकडे. अशा द्रव्यांना पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात. साबण हे त्यांचे सर्वपरिचित उदाहरण होय. प्रथिनांचे रेणू मोठे असून सीमेवर पोहोचल्यावर ते काहीसे उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि बुडबुड्याभोवती पातळ पण चिवट पापुद्रा तयार करतात. फेसाला टिकाऊपणा येतो तो या पापुद्र्यामुळे.

यावरून स्किमरच्या कार्यक्षमतेच्या तीन अटी निघतात. हवा आणि पाणी यांच्यातील सीमेचे क्षेत्रफळ मोठे असले पाहिजे, बुडबुडे पाण्यात पुरेसा वेळ राहिले पाहिजेत आणि वर आलेला फेस पेल्यात पोहोचेपर्यंत टिकला पाहिजे. पहिल्या दोन अटी बुडबुड्यांच्या आकारावर अवलंबून आहेत. एक लिटर हवा ०.८ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे ७.५ चौरस मीटर होते. तीच हवा ४ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत असेल, तर ते अवघे १.५ चौरस मीटर भरते. शिवाय मोठे बुडबुडे वेगाने वर जातात, त्यामुळे द्रव्ये चिकटायला मिळणारा अवधीही घटतो. म्हणजे बुडबुडा मोठा झाल्याने होणारे नुकसान दुहेरी असते.

तिसरी अट द्रव्यांच्या प्रमाणाशी निगडित आहे. वर चढताना फेसातील जादा पाणी खाली निथळते आणि फेस कोरडा होत जातो. पृष्ठसक्रिय द्रव्ये पुरेशी नसतील, तर निथळताना पापुद्रे फुटतात, फेस मानेतच कोसळतो आणि गोळा झालेली द्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. यंत्र चालू आहे, बुडबुडे दिसत आहेत, पण पेला रिकामाच आहे, ही गोड्या पाण्यात स्किमर लावून पाहणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. तिचे कारण हेच.

क्षारता आणि बुडबुडे

समुद्राच्या पाण्यात उडणारे बुडबुडे बारीक आणि दुधाळ दिसतात, तर नदीच्या किंवा नळाच्या पाण्यात ते मोठे आणि पारदर्शक असतात. हा फरक बुडबुडे निर्माण होण्याच्या क्षणापेक्षा त्यानंतरच्या क्षणात पडतो. दोन बुडबुडे एकमेकांवर आपटले, की त्यांच्यामधील पाण्याचा पातळ थर निसटतो आणि ते मिळून एक मोठा बुडबुडा होतो. शुद्ध पाण्यात हे सहज घडते. पाण्यात पुरेसे मीठ विरघळलेले असले, तर हा मधला थर अधिक काळ टिकतो, बुडबुडे एकमेकांना स्पर्शून अलग होतात आणि लहानच राहतात.

व्हिन्सेंट क्रेग, बॅरी निनहॅम आणि रिचर्ड पॅशली या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९३ साली या परिणामाची पद्धतशीर मांडणी केली. साध्या मिठासाठी हा बदल लिटरमागे सुमारे ०.१ मोल, म्हणजे ५ ते ६ ग्रॅम, या प्रमाणाच्या आसपास घडतो. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या क्षारांना याहून कमी प्रमाण पुरते. सर्व क्षार मात्र असे वागत नाहीत. धन आणि ऋण आयनांच्या काही जोड्या बुडबुड्यांचे मिसळणे रोखतात, तर काहींचा त्यावर परिणाम होत नाही. मीठ ते रोखते, हायड्रोक्लोरिक आम्ल रोखत नाही. या निवडक वागणुकीचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप उपलब्ध नाही.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. ते या उंबरठ्याच्या कितीतरी वर आहे. गोडे पाणी लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्याही खाली असते. निमखाऱ्या पाण्याची व्याप्ती साधारणतः ०.५ ते ३० ग्रॅम मानली जाते. म्हणजे उंबरठा या व्याप्तीच्या आतच पडतो. कोई-पालक माशांच्या आरोग्यासाठी तळ्यात कधी कधी मीठ टाकतात, पण त्याचे नेहमीचे प्रमाण लिटरमागे १ ते ३ ग्रॅम असते. बुडबुडे बारीक राहण्यास तेवढे पुरत नाही.

येथे एक विसंगती जाणवू शकते. खाऱ्या किंवा विहिरीच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हटले जाते ते यामुळेच. मग स्किमरला खाऱ्या पाण्यात अधिक फेस कसा येतो? पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. साबण पाण्यातून नाहीसाच होतो, म्हणून फेस येत नाही. प्रथिनांचे असे होत नाही. ती विरघळलेलीच राहतात. म्हणून जे पाणी साबणापुरते दुष्फेन, ते प्रथिनांच्या बाबतीत चांगलेच सुफेन ठरू शकते.

याउलट, मीठ नसतानाही द्रव्यांचे प्रमाण खूप वाढले, तर गोड्या पाण्यालाही दाट फेस येतो. डाळ शिजताना वर येणारा फेस हे त्याचे घरगुती उदाहरण आहे. डाळीतील प्रथिने व सॅपोनिने पाण्यात उतरतात आणि उकळीचे बुडबुडे ती वर आणतात. तो फेस डावाने काढून टाकणे हे एक प्रकारे हाताने केलेले स्किमिंगच होय. दिल्लीजवळ यमुनेवर ओखला बंधाऱ्याखाली आणि बंगळूरच्या बेल्लंदूर तलावावर साचणारे फेसाचे थर हे याच गोष्टीचे भयावह रूप आहे. तेथील पाणी गोडेच आहे, परंतु सांडपाण्यातील अपमार्जके आणि सेंद्रिय द्रव्ये यांचे प्रमाण इतके आहे, की पाणी उंचावरून पडताच फेस उसळतो.

रचना आणि विकास

सर्व स्किमरांत एक उभा संपर्ककक्ष, त्यात हवा मिसळण्याची सोय, वर निमुळती मान आणि त्यावर फेस साठवणारा पेला असतो. १९६०च्या दशकात जर्मनीत एर्विन झांडर यांनी हवेवर चालणारे प्रतिप्रवाही स्किमर प्रचारात आणले. त्यांत पाणी वरून खाली आणि बुडबुडे खालून वर जात असल्याने संपर्काचा काळ वाढे. बुडबुडे लाकडी एअर-स्टोनमधून सोडले जात. पुढे बर्लिनमधील छंदिष्टांनी जिवंत खडक आणि जोरकस स्किमर यांवर आधारलेली पद्धत विकसित केली आणि समुद्री मत्स्यालयांत स्किमरचे स्थान पक्के झाले. त्यानंतर व्हेंचुरी, पाण्याचा झोत उंचावरून आपटवणारे डाउनड्राफ्ट आणि पंपाच्या चक्राला सुयांसारखे दात असलेले नीडल-व्हील हे प्रकार आले. आज घरगुती वापरात नीडल-व्हील प्रकार सर्वाधिक आढळतो.

हे सर्व प्रकार समुद्राच्या पाण्यासाठी आखलेले आहेत. कक्षाची उंची, मानेचा व्यास, पंपाची हवा ओढण्याची क्षमता आणि खोक्यावर छापलेली लिटरमधील क्षमता, हे सारे ३५ ग्रॅम क्षारतेच्या पाण्यात बुडबुडे कसे वागतील हे गृहीत धरून ठरवलेले असते. निमखाऱ्या टाकीसाठी खरेदी करताना ही गोष्ट बहुधा लक्षात घेतली जात नाही.

निमखाऱ्या पाण्यातील वापर

निमखाऱ्या मत्स्यालयांत खाडी, खाजण आणि कांदळवन येथील मासे ठेवले जातात. मोनो, स्कॅट, आर्चर, हिरवा ठिपकेदार पफर, नारिंगी क्रोमाइड, कोकण-गोव्याच्या खाड्यांत आढळणारे काळुंदर आणि चिखलावर सरपटणारी निवटी ही त्यांतील काही. यांपैकी पफर आणि स्कॅट हे भरपूर खाणारे आणि पाणी घाण करणारे मासे म्हणून ओळखले जातात. पफरला शिंपले, गोगलगायी, कोळंबी असे मांसाहारी अन्न लागते. तो ते चावून खाताना बारीक तुकडे व रस पाण्यात पसरतात. स्किमरची खरी गरज ज्या टाक्यांना आहे, त्या बहुधा अशा असतात.

गरज असली, तरी उपकरण चालेल की नाही हे क्षारतेवर ठरते. छंदिष्ट क्षारता सहसा विशिष्ट गुरुत्वाने मोजतात. १.००५ म्हणजे लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम, १.०१० म्हणजे सुमारे १४ ग्रॅम आणि १.०१५ म्हणजे सुमारे २० ग्रॅम. बुडबुड्यांचा प्रयोगशाळेतील उंबरठा १.००५च्या जरा अलीकडे येतो, परंतु तो ओलांडला की बाजारातील स्किमर लगेच पूर्ण क्षमतेने काम करू लागतो, असे नाही. व्यवहारात १.०१०च्या खाली फेस विरळ, ओला आणि लहरी असतो. अन्न टाकल्यावर काही तास येतो आणि मग नाहीसा होतो. १.०१२ ते १.०१५ पासून पुढे तो स्थिर होऊ लागतो. हे आकडे अनुभवजन्य असून उपकरणाच्या घडणीप्रमाणे आणि माशांच्या संख्येप्रमाणे खालीवर होतात.

यातून एक उपयुक्त भेद निघतो. आकृती-आठ पफर, नारिंगी क्रोमाइड यांसारख्या कमी क्षारतेत आयुष्यभर ठेवल्या जाणाऱ्या माशांच्या टाकीत स्किमरवर खर्च करण्यात अर्थ नसतो. मोनो, स्कॅट आणि हिरवा ठिपकेदार पफर वाढत्या वयाबरोबर अधिक खाऱ्या पाण्यात नेले जातात आणि प्रौढपणी पूर्ण समुद्री पाण्यातही राहू शकतात. त्यांच्या टाकीत सुरुवातीला निरुपयोगी वाटणारा स्किमर एक-दोन वर्षांनी उत्तम चालू लागतो.

कमी क्षारतेत स्किमरकडून काम करून घेण्यासाठी पुढील बदल केले जातात. कक्षातील पाण्याची पातळी समुद्री वापरापेक्षा वर ठेवली जाते, म्हणजे अर्धवट टिकलेला फेसही मानेतून वर जातो. पाण्याचा प्रवाह कमी करून हवेचे प्रमाण वाढवले जाते. टाकीच्या आकारमानाला सुचवलेल्या उपकरणापेक्षा मोठे उपकरण घेतले जाते. या सर्व उपायांची किंमत एकच आहे: फेस ओला येतो, म्हणजे त्याच्याबरोबर टाकीतील पाणीही जाते.

हे पाणी खारे असते आणि निमखाऱ्या टाकीत हा मुद्दा दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. समजा, २०० लिटरच्या टाकीत लिटरमागे १५ ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे एकूण ३ किलो. ओल्या फेसाबरोबर रोज अर्धा लिटर पाणी जात असेल, तर रोज ७.५ ग्रॅम आणि आठवड्याला ५२.५ ग्रॅम क्षार टाकीबाहेर जातात. टाकीची पातळी कमी झालेली पाहून पालक गोडे पाणी भरतो. बाष्पीभवनासाठी ते योग्यच आहे, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत, पण फेसाबरोबर ते गेलेले असतात. अशा रीतीने टाकीची क्षारता आठवड्याला पावणेदोन टक्क्यांनी घटत जाते आणि क्षारता घटली, की स्किमरचे काम आणखी बिघडते. म्हणून पेल्यात जमलेल्या पाण्याएवढे पाणी टाकीच्याच क्षारतेचे भरावे लागते आणि क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने नियमित तपासावी लागते. क्षारतेसाठी स्वयंपाकाच्या मिठाऐवजी समुद्री क्षारांचे तयार मिश्रण वापरतात. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाण्याचा सामू स्थिर ठेवणारे क्षार असतात.

स्किमर खोलीतील हवा ओढून ती पाण्यात मिसळतो, हेही विसरून चालत नाही. डास मारण्याच्या वड्या, द्रवे आणि फवारे यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना अत्यंत विषारी आहेत. बंद खोलीत ती वापरली, तर स्किमर ती थेट पाण्यापर्यंत पोहोचवतो. रंगकामाच्या वेळी निघणाऱ्या वाफांचेही तसेच. अशा वेळी उपकरण बंद ठेवतात किंवा हवेची नळी खोलीबाहेर नेतात.

गोड्या पाण्यातील वापर

घरगुती टाक्या

साधारण घरगुती टाकीत पाणी नियमित बदलले जाते, जैविक गाळणी असते आणि अनेकदा वनस्पतीही असतात. अशा पाण्यातील पृष्ठसक्रिय द्रव्ये फेस टिकवण्यास अपुरी पडतात. त्यात मीठ नसल्याने बुडबुडे मोठे होतात. दोन्ही कारणे एकत्र आल्याने स्किमर केवळ महागडा हवा-पंप ठरतो. पाण्यात प्राणवायू मिसळणे हा त्याचा एकमेव लाभ उरतो आणि तो साध्या एअर-स्टोननेही मिळतो. वनस्पतींच्या टाकीत तर हा लाभही तोटा बनतो, कारण वनस्पतींसाठी मुद्दाम सोडलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांबरोबर उडून जातो.

आर्थिक बाजूही आहे. समुद्री टाकीचे पाणी बदलायचे, तर प्रत्येक वेळी क्षारमिश्रण विकत घ्यावे लागते, म्हणून पाणी न बदलता द्रव्ये काढण्याला तेथे मोल आहे. गोड्या पाण्यात नळाचे पाणी क्लोरीनमुक्त करून भरले, की काम होते. आठवड्याला २० टक्के पाणी बदलले, तर विरघळलेल्या प्रत्येक द्रव्याचा, ते पृष्ठसक्रिय असो वा नसो, २० टक्के भाग बाहेर जातो. स्किमरला असे सरसकट काम समुद्राच्या पाण्यातही जमत नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील केन फेल्डमन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांत समुद्री मत्स्यालयांतील स्किमर एकूण सेंद्रिय कर्बाचा सुमारे २० ते ३० टक्के भागच काढू शकले. उरलेला भाग फेसाला चिकटणाऱ्यांतला नव्हता.

गोड्या पाण्याच्या टाकीत स्किमर अचानक जोमाने चालू लागला, तर ते शुभलक्षण समजू नये. मासा मरून कुजणे, अति अन्न घालणे किंवा गाळणीतील जिवाणू मरणे यांपैकी काहीतरी घडलेले असण्याची शक्यता असते. पाण्यात घातलेले औषध किंवा क्लोरीन काढणारे द्रावण हेही कारण असू शकते. काही द्रावणांत माशांच्या त्वचेचे रक्षण करणारी बहुवारिके असतात आणि त्यांमुळे फेस उसळून पेला भरून वाहतो.

कोई-तळी

स्किमरचा गोड्या पाण्यातील सर्वांत यशस्वी छांदिक उपयोग कोई-तळ्यांत झाला आहे. येथे मासे मोठे, अन्नात प्रथिने भरपूर आणि तळ्याचे पाणी एकदम बदलणे अवघड असते. विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये वाढली, की धबधब्याखाली पडणाऱ्या पाण्यावर न फुटणारा पांढरा फेस साचतो आणि पाण्याला पिवळसर झाक येते. हा फेस दिसू लागणे म्हणजे स्किमर चालण्याजोगी परिस्थिती आली आहे, याची खूणच होय. वसंतात अंडी घालण्याच्या वेळीही अंडी व शुक्रद्रव यांमुळे तळे एका रात्रीत फेसाळते. तो फेस मात्र पाणी बिघडल्यामुळे हळूहळू वाढलेला नसतो.

कोई-तळ्यांचे स्किमर समुद्री स्किमरांहून वेगळे दिसतात. ते उंच असतात, अनेकदा रुंद पीव्हीसी नळ्यांपासून घरीच बनवलेले. त्यांत जोरकस पंपाने पाणी व्हेंचुरीतून किंवा डाउनड्राफ्ट पद्धतीने आपटवले जाते. बुडबुडे मिसळून मोठे होणारच, हे मान्य करून येथे हवेचे प्रमाण आणि खळबळ वाढवली जाते. मिळणारा फेस बराच ओला असतो, पण गोड्या पाण्यात त्याची चिंता नसते. वाया गेलेले पाणी नळाने भरता येते आणि तेवढाच पाणीबदलही होतो. निमखाऱ्या टाकीत जो दोष ठरतो, तो येथे दोष राहत नाही.

मत्स्यसंवर्धन

पुनर्चक्रण पद्धतीत तेच पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरले जाते आणि माशांची दाटी घरगुती टाकीच्या कितीतरी पट असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शुलिन चेन, मायकेल टिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात अशा पद्धतींतील फेस-विभाजनाचा अभ्यास केला. विरघळलेल्या द्रव्यांबरोबरच पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण फेसाबरोबर कितपत निघतात, हे त्यांनी तपासले. काही दशांश सूक्ष्ममीटर ते काही दहा सूक्ष्ममीटर आकाराचे कण जाळीच्या गाळणीतून निसटतात आणि तळाशीही बसत नाहीत. माशांच्या कल्ल्यांना त्रास देणाऱ्या या कणांवर फेस हा एक उपाय ठरतो. कोळंबी-संवर्धनातील बायोफ्लॉक पद्धतीतही जिवाणूंचे पुंजके अति झाल्यास ते कमी करण्यासाठी फेस-विभाजक लावले जातात.

ओझोनचा वापर

फेस अपुरा असताना स्किमरच्या हवेत ओझोन मिसळण्याची प्रथा आहे. अल्प मात्रेत ओझोनमुळे सूक्ष्म कण एकत्र येतात, पाण्याचा पिवळेपणा जातो आणि फेसाला बळ येते. मात्रा वाढली, की तोच ओझोन पृष्ठसक्रिय रेणूंचे तुकडे करतो आणि फेस नाहीसा होतो. समुद्राच्या पाण्यात ओझोनची ब्रोमाइडशी अभिक्रिया होऊन दीर्घकाळ टिकणारी ब्रोमीनची संयुगे बनतात. गोड्या पाण्यात ब्रोमाइड नगण्य असल्याने तसे घडत नाही. निमखाऱ्या पाण्यात ते क्षारतेच्या प्रमाणात घडते, म्हणून गोड्या पाण्यासाठी ठरलेली मात्रा तेथे जशीच्या तशी लावता येत नाही. पाण्यात उरलेला ओझोन माशांच्या कल्ल्यांना आणि हवेत सुटलेला ओझोन माणसाच्या फुप्फुसांना अपायकारक आहे. घरगुती टाकीत हा धोका पत्करण्याजोगा लाभ सहसा मिळत नाही.

स्किमरने न निघणारी द्रव्ये

अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट ही द्रव्ये पृष्ठसक्रिय नाहीत. ती बुडबुड्यांना चिकटत नाहीत आणि कोणत्याही क्षारतेच्या पाण्यात स्किमर ती थेट काढू शकत नाही. तो केवळ त्यांचा कच्चा माल, म्हणजे प्रथिने, कुजण्याआधी बाहेर काढतो. नवशिक्यांच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक या मुद्द्याशी निगडित आहे. नव्या निमखाऱ्या टाकीत स्किमर लावला, पेल्यात तपकिरी पाणी जमू लागले, म्हणून पाणी शुद्ध होत आहे असे मानून मासे सोडले जातात. जैविक गाळणीत नायट्रीकरण करणारे जिवाणू रुजण्यास काही आठवडे लागतात, तोवर अमोनिया साचत राहतो. निमखाऱ्या टाकीचा सामू सहसा ८च्या आसपास असतो. या सामूला अमोनियाचा विषारी, अनायनित अंश सामू ७च्या तुलनेत सुमारे दहापट असतो. पेला भरत असताना मासे मरू शकतात ते यामुळे.

विरघळलेले फॉस्फेटही थेट निघत नाही. सेंद्रिय रेणूंत किंवा कणांत बांधलेला त्याचा भागच फेसाबरोबर जातो. तेलकट अन्न किंवा हाताला लागलेले तेल पाण्यात गेले, तर उलट फेसच मोडतो आणि काही तास उपकरण निष्क्रिय होते. नव्या स्किमरलाही आतील पृष्ठभागावर जैविक थर बसेपर्यंत काही दिवस द्यावे लागतात.

पृष्ठभागावरील स्किमरशी होणारी गल्लत

गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी बाजारात 'सरफेस स्किमर' या नावाने मिळणारे उपकरण हे प्रोटीन स्किमर नव्हे. ते पाण्याच्या वरच्या थरावरील तेलकट साय ओढून गाळणीकडे पाठवते. फेस निर्माण करत नाही. साय हीसुद्धा पृष्ठसक्रिय द्रव्यांचीच बनलेली असल्याने दोहोंचे उद्दिष्ट अंशतः जुळते, पण सरफेस स्किमर ती द्रव्ये टाकीबाहेर टाकत नाही. गाळणीतील स्पंज धुईपर्यंत ती पाण्याच्या संपर्कातच राहतात. तरीही वनस्पतींच्या टाकीत साय हटवून पृष्ठभाग मोकळा ठेवण्यास ते पुरेसे असते आणि तेथे प्रोटीन स्किमरची उणीव भासत नाही.

मत्स्यालयाबाहेरील गोड्या पाण्यातील उपयोग

अग्निशामक फेसांतून भूजलात झिरपलेली पीफास गटातील फ्लोरिनयुक्त द्रव्ये काढण्यासाठी अलीकडे फेस-विभाजन वापरले जाऊ लागले आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील ओकी येथील लष्करी विमानतळावर २०१९पासून असा प्रकल्प चालवण्यात आला. ही द्रव्ये कोट्यंशाच्या प्रमाणात असूनही अतिशय पृष्ठसक्रिय असल्यामुळे मिठाविना बुडबुड्यांना चिकटतात. त्यांतील लांब कर्बसाखळीची संयुगे सहज निघतात, आखूड साखळीची मात्र बऱ्याच अंशी पाण्यातच राहतात आणि त्यांच्यासाठी पुढे वेगळी प्रक्रिया करावी लागते.